कॅलेथियाचं वाळवण होऊ नये म्हणून

एप्रिलमध्ये नाशिकच्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर जा. जुन्या साड्यांवर कुरडया, बटाट्याचा कीस, उडदाचे पापड पसरलेले दिसतील. सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळपर्यंत कडेनं सुटायला लागते. हेच वाळवण ऑगस्टमध्ये घालायचा कुणी विचारही करत नाही. ऊन नसतं हे एक झालं, पण ऑगस्टात उघडीप मिळाली, चार दिवस चांगलं ऊन पडलं, तरी कुरडई नीट वाळत नाही. कारण हवा. एप्रिलची हवा कोरडी असते आणि मिळेल तिथून पाणी ओढून घेते. ऑगस्टची हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, तिला आणखी नको असतं.

आता त्याच गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये या. हॉलच्या कोपऱ्यात कॅलेथियाची कुंडी आहे. हिरव्यावर पोपटी पट्टे, पानाची मागची बाजू जांभळी. पावसाळ्यात आणली तेव्हा पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. आता पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्यात, नवं पान सुरळीतून बाहेर येतानाच फाटतंय. वर गच्चीत कुरडयांचं जे चाललंय तेच खाली हिचं चाललंय, फक्त सावलीत.

माझी पहिली कॅलेथिया मी अशीच घालवली. जुलैत आणली, दिवाळीपर्यंत ठणठणीत. डिसेंबरात कडा करपल्या, मार्चमध्ये पानं गुंडाळायला लागली. मला वाटलं तहान लागली असेल. रोज पाणी घातलं. एप्रिलअखेर ती गेली, आणि कुंडी उपडी केली तेव्हा माती चिंब ओली होती, मुळं काळी, लिबलिबीत, घाण वास मारणारी. ओल्या मातीत उभं राहून झाड वाळलं होतं. हे कसं झालं ते समजायला मला नंतर दोन वर्षं लागली, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

ही मूळची कुठली?

कॅलेथिया म्हणून नर्सरीत जे मिळतं ते दक्षिण अमेरिकेतलं. ब्राझील, कोलंबिया, बोलिव्हिया इथल्या पावसाळी जंगलांच्या तळाशी वाढणारं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये यातल्या बहुतेक जाती कॅलेथिया या गटातून काढून गोपर्टिया नावाच्या गटात टाकल्या. नर्सरीवाल्यांनी अर्थातच तिकडे लक्ष दिलेलं नाही, आपणही देऊ नये. घराणं मात्र ओळखीचं आहे. उपासाला आणि आजारी माणसाला खीर करून देतात ते आरारूट याच घराण्यातल्या झाडाच्या कंदापासून निघतं.

जंगलाच्या तळाशी म्हणजे काय, तर वर तीस-चाळीस मीटर उंच झाडांचं छत. त्यातून झिरपून खाली पोचतो तो प्रकाश वरच्या उन्हाच्या जेमतेम एक-दोन टक्के. एवढ्याशा उजेडावर पोट भरायचं तर पान रुंद हवं, आणि पातळ असलं तरी चालतं, कारण तिथं ना वारा लागतो ना ऊन. हवा बारा महिने ओलसर. आपल्याकडच्या रुईचं किंवा कोरफडीचं पान हातात घेऊन बघा: जाड, मेणचट, पाणी राखून ठेवणारं. कॅलेथियाला असलं चिलखत कधी लागलंच नाही. तिचं पान म्हणजे वहीचा कागद.

हिची आणखी एक गंमत म्हणजे ती झोपते. दिवसा पानं आडवी पसरलेली असतात, रात्री हात जोडल्यासारखी उभी होतात. देठ आणि पान जिथं जुळतात तिथं एक छोटी फुगीर गाठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, ती बाजू मऊ पडते. दुसरी बाजू फुगते आणि पान वर उचललं जातं. चिंच, शिरीष, लाजाळू संध्याकाळी पानं मिटतात तोच हा प्रकार. १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूचं रोप अंधारात ठेवून बघितलं, तरी पानं आपापल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. झाडाच्या आत घड्याळ असतं याचा तो पहिला पुरावा. घरात याचा उपयोग असा: संध्याकाळी पानं उचलायची थांबली तर झाडाचं काहीतरी दुखतंय असं समजा. करपलेली कड दिसते ती बरीच नंतर.

टक्का नेमका कशाचा?

मोबाइलवर हवामान बघताना ‘आर्द्रता २२ टक्के’ असं दिसतं. म्हणजे हवेत २२ टक्के पाणी असं कुणीकुणी समजतं. तसं नाही. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती हिस्सा वाफ सध्या तिच्यात आहे, तो हा आकडा.

आणि हवेची वाफ धरण्याची ताकद तापमानाबरोबर भराभर वाढते. एक घनमीटर हवा, म्हणजे मीटरभर लांब-रुंद-उंच खोक्यात मावेल तेवढी, १० अंशाला साधारण साडेनऊ ग्रॅम वाफ धरते. २० अंशाला सतरा ग्रॅम. ३० अंशाला तीस. ४० अंशाला एक्कावन्न. हवेचं भांडं तापमानाबरोबर मोठं होत जातं असं म्हणा.

आता समजा एप्रिलमधल्या एका दिवशी नाशिकच्या हवेत घनमीटरमागे दहा ग्रॅम वाफ आहे. पहाटे २२ अंश असताना भांडं एकोणीस ग्रॅमचं, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त भरलेलं, आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर. दुपारी ३८ अंश झालं. वाफ तेवढीच, दहा ग्रॅम. पण भांडं शेहेचाळीस ग्रॅमचं झालं. आर्द्रता २२ टक्के. हवेतून एक थेंबही गेला नाही तरी हवा ‘कोरडी’ झाली.

पानाच्या बाजूनं हेच बघा. पानाच्या आतली पोकळी जवळजवळ काठोकाठ वाफेनं भरलेली असते. बाहेर हवेत जेवढी जागा रिकामी, तेवढी बाहेरून ओढ. पहाटे ही रिकामी जागा नऊ ग्रॅमची, दुपारी छत्तीस ग्रॅमची. म्हणजे एकाच दिवसात, एकाच खोलीत, पानावरची ओढ चौपट. पानाला खालच्या बाजूनं बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. ओढ वाढली की झाड ती मिटून घेतं. पण पातळ पानाच्या सालीतूनही पाणी निसटतच राहतं. मग पान स्वतःला गुंडाळतं, म्हणजे उघडा पृष्ठभाग कमी होईल. आपण थंडीत पाय पोटाशी घेतो तसं.

या गुंडाळलेल्या पानाकडे बघून आपण झारी उचलतो, आणि चूक तिथं होते. मुळांकडे पाणी असतंच. अडचण अशी की मुळांतून वर चढणारं पाणी आणि पानातून उडणारं पाणी यांचा मेळ बसत नाही. बादलीला भोक पडलंय आणि आपण नळ मोठा करतोय. त्यात मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्यानं भरून जातात, मुळांना हवा मिळत नाही, कारण मुळंही श्वास घेतात. मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. पान आणखी गुंडाळतं. आपण आणखी पाणी घालतो. माझ्या कुंडीत हेच झालं.

फवाऱ्याचा हिशोब

ज्याला विचाराल तो सांगेल, रोज सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारा. मीही मारला. एकदा गणित करून बघितलं आणि बाटली इस्त्रीच्या कपड्यांसाठी ठेवून दिली.

दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंच. बाराशे घनफूट, म्हणजे चौतीस घनमीटर हवा. खोलीत ३५ अंश तापमान, आर्द्रता २५ टक्के. ती ६० वर न्यायची तर दर घनमीटरमागे जवळपास चौदा ग्रॅम वाफ वाढवावी लागेल. चौतीस गुणिले चौदा: पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर पाणी, तेही दारंखिडक्या घट्ट बंद असतील तर. हातफवाऱ्याचे दहा दट्टे मारले तर निघतं दहा-एक ग्रॅम. त्यानं खोलीची आर्द्रता एक टक्काही वाढत नाही. पानालगतची हवा काही मिनिटं ओलसर राहते, एवढंच. उलट बोअरचं पाणी असेल तर पानावर पांढरे ठिपके उरतात, आणि रात्रभर पान ओलं राहिलं तर बुरशीला आमंत्रण.

माझ्या मामांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. “अगं, आमच्याकडे पानावर रात्रभर ओल राहिली की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं डोळ्याला डोळा लागत नाही. आणि तू दमटपणा विकत आणायला निघालीस?” त्यांचं खरं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर चार दिवस ढगाळ हवा राहिली की बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो. नाशिकची कोरडी, थंड हवा द्राक्षाला मानवते म्हणूनच इथं द्राक्ष आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, घाटमाथा ओलांडल्यावर पावसाची सावली. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो कोसळतो आणि नाशिक शहरात त्याच्या निम्माही पोचत नाही. द्राक्षाला जे सुख तेच कॅलेथियाला दुःख. पण मामांच्या बोलण्यात एक धागा होता: पानावरचं पाणी आणि हवेतली वाफ या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याला दुसरी हवी आहे, पहिली नको.

मग उपाय काय?

घरात डेझर्ट कूलर असेल तर तुमच्याकडे सगळ्यात जोरकस यंत्र आधीच आहे. रात्रभरात त्याची टाकी खाली जाते ना? ते सगळं पाणी हवेत गेलेलं असतं, अर्धा लिटर नव्हे, बादल्याच्या बादल्या. शिवाय कूलर तापमान उतरवतो, म्हणजे भांडं लहान होतं आणि ते भरतंही. दुहेरी फायदा. कॅलेथिया कूलरच्या खोलीत ठेवायची, पण थेट झोतात नाही. झोतानं पान फडफडत राहिलं की कड फाटते. एसीचं उलट आहे. एसीसुद्धा थंड करतो, पण हवेतलं पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो. रात्रभर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये ही ठेवू नये.

ह्युमिडिफायर चालतो, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. साधा घरगुती ताशी पाव-एक लिटर पाणी फेकतो, म्हणजे वरच्या हिशोबानं बंद खोलीत दोन तास लागतील, आणि दार उघडलं की कमाई गेली. दुसरं म्हणजे कंपनं करून धुकं उडवणारा जो प्रकार मिळतो, तो पाण्याबरोबर त्यातले क्षारही हवेत उडवतो. बोअरचं पाणी घातलं की टीव्हीवर, फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. मग घरात तुमच्याबद्दल काय बोललं जाईल ते मी सांगायला नको.

गोट्यांच्या ताटात पाणी घालून वर कुंडी ठेवायची, हा उपाय सगळीकडे वाचायला मिळतो. काही अंशी उपयोगी, पण फार आशा ठेवू नका. ताटातून उडालेली वाफ पंख्याच्या वाऱ्यात कुठल्या कुठे जाते. त्यापेक्षा पाच-सहा कुंड्या खेटून ठेवल्या तर बरं. प्रत्येक झाड आपल्या पानांतून वाफ सोडतं आणि शेजारणीला तिचा फायदा होतो.

माठाची युक्ती मला जास्त आवडते. प्लॅस्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची, मधल्या जागेत वाळू भरायची आणि ती वाळू ओली ठेवायची. मातीच्या अंगातून पाणी झिरपून उडत राहतं, भोवतालची हवा थंड आणि ओलसर राहते, मुळंही गार राहतात. पाणी वाळूला घालायचं, झाडाला नाही. आतल्या कुंडीचं बूड वाळूच्या पाण्यात बुडणार नाही एवढं बघायचं.

बाराशे घनफुटांऐवजी तीन

खरी उडी मात्र खोलीचा नाद सोडला तेव्हा बसली. माळ्यावर माशांची जुनी काचेची टाकी पडून होती, दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे तीन घनफूट. तेच गणित इथं करा: २५ वरून ६० टक्क्यांवर न्यायला लागतं सव्वा ग्रॅम पाणी. पंचवीसेक थेंब! खोलीला अर्धा लिटर आणि इथं पाव चमचा. आणि झाकण असलं की ते पाणी जातही नाही. पानातून उडालेली वाफ काचेवर जमते, खाली ओघळते, पुन्हा मातीत.

ही कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. अंगणात लावलेले नेचे कोळशाच्या धुरानं मरायचे म्हणून ते वैतागलेले. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसह एका बंद बाटलीत ठेवला. पतंगाचं काय झालं ते सोडा, त्या मातीतून नेच्याचं आणि गवताचं रोप उगवलं आणि बंद बाटलीत छान जगलं. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या बनवल्या. पुढं १८५० च्या आगेमागे चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली ती अशाच पेट्यांतून, महिनोन्‌महिने जहाजावर, खाऱ्या वाऱ्यापासून जपून. आपल्या सकाळच्या चहात त्या पेटीचाही वाटा आहे.

टाकीत लहान जातीची कॅलेथिया किंवा तिची चुलत बहीण मरांटा लावा. ऑर्बिफोलियासारखी ताटाएवढ्या पानांची जात मावणार नाही. टाकी उन्हात ठेवायची नाही, काचेत ऊन अडकलं की आतलं झाड शिजतं. झाकण आठवड्यातून दोनदा तासभर उघडायचं. काचेवर सतत दाट बाष्प असेल तर पाणी जास्त झालंय. ज्यांच्याकडे टाकी नाही त्यांनी बाथरूम बघा. खिडकी असलेलं, रोज गरम पाण्याच्या आंघोळी होणारं बाथरूम ही कॅलेथियासाठी घरातली सगळ्यात चांगली जागा, आणि तिथं कुणी तिला ठेवत नाही कारण पाहुण्यांना दिसत नाही.

दोन-चारशे रुपयांत छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो कुंडीशेजारी ठेवा, दुपारी तीन वाजता बघा. ६० च्या वर असेल तर उत्तम, ५० ला चालून जातं, ४० च्या खाली कडा करपणार हे धरून चाला.

पाण्यात दडलेलं मीठ

आर्द्रता ७० टक्के असूनही कडा तपकिरी झाल्या तर दोष बहुतेक पाण्याचा असतो. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तो कुठून येतो? पाणी उडतं, क्षार मागं राहतात. पानातही हेच होतं. मुळांनी घेतलेलं पाणी शिरांमधून कडेपर्यंत जातं आणि तिथून उडून जातं. बरोबर आलेले क्षार शेवटच्या स्टेशनावर, म्हणजे टोकाला आणि कडेला, उतरतात आणि साठतात. म्हणून करपणं नेहमी टोकापासून सुरू होतं, मधून नाही. कालव्याच्या पाण्यानं क्षारपड झालेली जमीन ज्यांनी बघितलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शहराला गंगापूर धरणातून, शिवाय दारणा-मुकण्यातून येणारं नळाचं पाणी तसं सौम्य. पण बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतं, आणि काळ्या कातळातून आलेलं ते पाणी जड असतं. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं तर त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. क्षार आणि फ्लोराइड मात्र उडत नाहीत, आणि कॅलेथियाचं घराणं फ्लोराइडच्या बाबतीत विशेष हळवं आहे.

इथं एक कळकळीची सूचना. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय आपल्यातल्या पुष्कळांना आहे, आणि पाणी वाचवायची बुद्धी चांगलीच आहे. पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, आरओनं गाळून बाजूला काढलेलं सगळं त्यातच जातं. त्यानं फरशी पुसा, गाडी धुवा. कॅलेथियाला घालू नका. याउलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी, जवळपास ऊर्ध्वपातित. ते पिऊ नये, पण हिला ते फार आवडतं. गंमत अशी की एप्रिलच्या कोरड्या दिवसांत, जेव्हा हवं असतं तेव्हा, ते सगळ्यात कमी टपकतं. म्हणून मी जूनमध्ये पावसाचं पाणी दोन कॅनमध्ये धरून ठेवते, पहिल्या दोन-तीन सरी सोडून.

महिन्यातून एकदा कुंडी मोरीत ठेवून तिच्या मापाच्या तीन-चारपट चांगलं पाणी हळूहळू ओतायचं आणि खालून वाहून जाऊ द्यायचं. साठलेले क्षार धुऊन निघतात. एरवी पाणी द्यायचं ते बोट पेराएवढं मातीत घालून, वरची माती कोरडी लागली तरच. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली की बोटही घालावं लागत नाही.

मातीबद्दल थोडक्यात. आपली काळी माती कापसाला सोनं आहे, या कुंडीत ती विष. ओली झाली की गच्च चिकटते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे कण), एक भाग गांडूळखत आणि मूठभर कोळशाचे बारीक तुकडे. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. नारळाच्या काथ्यातून त्यात मीठ येतं, आणि एवढी पाण्याची काळजी घेऊन कुंडीतच मीठ ठेवायचं यात काही अर्थ नाही.

थंडी

उन्हाळ्याबद्दल सगळे बोलतात, पण नाशिकमध्ये कॅलेथिया खऱ्या अर्थानं खचते ती डिसेंबर-जानेवारीत. निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते, आणि शहरातही पहाटे तापमान दहाच्या खाली जातं. हिला पंधरा-सोळाच्या खाली सोसत नाही. खिडकीच्या काचेला टेकलेलं पान सकाळी काळपट, उकडल्यासारखं दिसतं. त्या दोन महिन्यांत कुंडी खिडकीपासून हातभर आत घ्या, पाणी निम्म्यावर आणा आणि देताना कोमट द्या. टाकीतलं बर्फासारखं पाणी सकाळी सातला घातलं तर मुळं दुपारपर्यंत कामाला लागत नाहीत. खत बंद. वाढ थांबली म्हणून घाबरू नका, आणि त्या दिवसांत कुंडी बदलायला जाऊ नका.

उजेडाचं साधं आहे. उत्तरेची खिडकी उत्तम, पूर्वेची चालते, पश्चिमेची असेल तर मध्ये पडदा हवा. कुंडीवर हात धरा: सावली पुसट पडली तर बरोबर, ठसठशीत पडली तर ऊन जास्त. जास्त उन्हात पट्टे फिके होतात आणि पान उडालेल्या रंगाच्या कापडासारखं दिसतं.

कोरड्या हवेचा पाहुणा म्हणजे लाल कोळी. पानाच्या मागं बारीक जाळं, वरून पिवळट ठिपके. मामांना तो द्राक्षावरून चांगला माहीत. सुरुवातीला ओल्या मऊ फडक्यानं पानाची दोन्ही अंगं पुसली, तीन-तीन दिवसांनी तीनदा, तर बहुतेक आटोक्यात येतो. निंबोळी तेल मारायचं तर लिटरला दोन-तीन मिली, साबणाच्या दोन थेंबांत मिसळून, आणि आधी एकाच पानावर करून बघा. पान नाजूक आहे. घरात मांजर असेल तर मात्र निर्धास्त राहा. मनीप्लांट मांजरासाठी विषारी, कॅलेथिया नाही. माझ्या मांजरीनं तिची चार पानं खाल्लीत, बिघडलं ते फक्त झाडाचं.

पहिल्यांदाच आणणार असाल तर लांबट, कडेला लाटा असलेली लान्सिफोलिया घ्या, नाहीतर मरांटा. पांढरे डाग असलेल्या जाती दिसायला देखण्या, पण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग काही कमवत नाही आणि आधी करपतो. आणि शक्यतो खरेदी पावसाळ्यात करू नका. जुलैत सगळीच झाडं सुंदर दिसतात. फेब्रुवारीत नर्सरीत जाऊन जी तेव्हाही टवटवीत असेल ती निवडा.

वाढवायची वेळ मात्र पावसाळाच. पान तोडून पाण्यात ठेवलं तर कॅलेथियाला मुळं फुटत नाहीत, मरांटाला खोडाच्या पेराशी फुटतात. कॅलेथियाचे फक्त गड्डे वेगळे करायचे: ऑगस्टमध्ये कुंडी उपडी करून, माती हलक्या हातानं झटकून, मुळं आणि दोन-तीन पानं प्रत्येकाकडे राहतील असे भाग करायचे. नवं रोप पंधरा दिवस पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीखाली ठेवायचं, वर दोन भोकं पाडून. गेल्या ऑगस्टात मी असा एक गड्डा मामांकडे पाठवला. मामींनी तो बाथरूमच्या खिडकीत ठेवलाय, आणि माझ्यापेक्षा चांगला वाढलाय.